कुंडीतला आंबा परसात लावताना आधी मुळं बघा



पाऊस चांगला झालाय, जमीन वीतभर ओली आहे. पेरण्या उरकत आल्या की घरातल्या कुंडीकडे लक्ष जातं. या आठवड्यात तीन सभासदांनी एकच प्रश्न विचारला. केसरचं कलम दोन-तीन वर्षं कुंडीत आहे (एकाचं तर तेलाच्या डब्यात), आता परसात लावलं तर चालेल का? चालेल. पण नर्सरीतून आणलेलं पिशवीतलं रोप लावतो तसं लावायचं नाही.

कारण मुळं. कुंडीच्या भिंतीला मुळी अडली की ती वळते आणि आतल्या आत गोल फिरत राहते. जमिनीत लावलं म्हणून ती सरळ होत नाही, त्याच वेटोळ्यात जाड होत जाते. वरून झाड चार वर्षं हिरवंगार दिसतं, खाली मात्र पकड नसते. मी हे घरच्याच झाडावर शिकले. डिप्लोमा झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आजीच्या कुंडीतलं कलम गड्डा न फोडता तसंच खड्ड्यात ठेवलं. मुळं दुखवायची नाहीत, एवढंच डोक्यात होतं. पाचव्या वर्षी पहिल्यांदा बऱ्यापैकी कैऱ्या लागल्या आणि मे महिन्यातल्या वादळात झाड आडवं झालं. बघितलं तर मुळं अजून कुंडीच्याच आकारात, चुंबळीसारखी. आजी काही बोलली नाही. कैऱ्या गोळा करून लोणचं घातलं तिने.

तर आता काय करायचं ते सांगते. झाडावर तांबूस कोवळी पालवी असेल तर थांबा, पानं गर्द हिरवी होऊ द्या. लावायच्या आदल्या संध्याकाळी कुंडीत भरपूर पाणी घाला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कुंडी आडवी करून कडेने थापटा. खोड धरून ओढू नका. निघत नसेल तर कुंडी फोडा, झाडापेक्षा ती महाग नाही.

गड्डा बाहेर आला की तळाची मुळांची चटई इंचभर कापून टाका. मग धारदार चाकूने बाजूंना वरपासून खालपर्यंत चार ठिकाणी उभे काप घ्या, साधारण इंचभर खोल. पेन्सिलीएवढी जाड मुळी गोल फिरलेली दिसली तर ती जिथून वळली तिथेच सिकेटरने कापा. बारीक मुळं बोटांनी मोकळी करा. हात थरथरेल, पण कापा. कापलेल्या जागेजवळून नवीन मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या मातीत जातात. मात्र सगळी माती झटकून गड्डा उघडा पाडायचा नाही.

खड्डा आठवडाभर आधी भरून, दाबून ठेवलेला बरा. मुरमाड जमिनीत अडीच-तीन फूट खोल घ्या. त्यात वरची चांगली माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. ताजं शेण नको, हुमणी येते. काळ्या भारी जमिनीत खोल खड्डा करून भुसभुशीत माती भरली तर पावसात तो टाकीसारखा पाणी धरतो आणि मुळं कुजतात. तिथे खड्डा उथळ ठेवा आणि फूटभर उंचवट्यावर लावा. घराच्या भिंतीपासून आणि संडासच्या टाकीपासून १५ फूट तरी लांब, वर विजेची तार नको. एवढी जागाच नसेल तर माझं मत, ते कलम मोठ्या ड्रममध्येच राहू द्या. छोट्या परसासाठी पुढच्या वेळी आम्रपाली आणा, तिचं झाड बुटकं राहतं.

गड्ड्याची वरची पातळी जमिनीच्या पातळीला हवी. कलमाचा जोड मातीत जाता कामा नये. जोडावर नर्सरीची प्लास्टिक पट्टी अजून आहे का बघा, असली तर कापून काढा, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो गावठी खुंटाचा, लगेच खुडायचा. काठीचा आधार द्या, पण सुतळी सैल बांधा.

पाण्यात बरेच जण फसतात. कुंडीतली माती, विशेषतः कोकोपीट असेल तर, आजूबाजूच्या मातीपेक्षा लवकर सुकते. आळं ओलं दिसतं आणि गड्डा आत कोरडा असतो. म्हणून पहिला महिना पाणी थेट गड्ड्यावर द्या. पावसाने उघडीप दिली तर दोन-तीन दिवसांनी एक बादली, त्याआधी बोट घालून ओल तपासा. महिन्यानंतर आळं हळूहळू बाहेर सरकवत न्या, मुळं पाण्यामागे जातात. नवीन पालवी येईपर्यंत युरियाचा दाणाही टाकू नका. गॅलरीच्या सावलीत वाढलेलं झाड असेल तर लावण्याआधी आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन दाखवा आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला जुनी साडी किंवा गोणपाट बांधा.

मोहोर आला तर पहिली दोन वर्षं खुडून टाका. मन होत नाही, माहीत आहे.

गड्डा काढल्यावर मुळी कुठे कापायची कळत नसेल तर कापण्याआधी फोटो काढून याच नंबरवर पाठवा. तोवर गड्डा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.