सभागृहाबाहेरचा अभ्यासक्रम

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा राजधानीतील मराठी माणसाची छाती अभिमानाने फुलून येणे स्वाभाविक होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली येथे झालेल्या संमेलनानंतर तब्बल ७० वर्षांनी हा योग आला होता. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेला होता. त्या मांडवाच्या पताका उतरून दोन महिने होत नाहीत तोच, १६ एप्रिल २०२५ रोजी, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य राहील, असे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी, असे त्याचे समर्थन करण्यात आले.

पुढचा घटनाक्रम परिचित आहे. राज्य सरकारनेच नेमलेल्या भाषा सल्लागार समितीने, तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांच्या स्वाक्षरीने, मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून निर्णय मागे घेण्याची विनंती केली. शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ हा शब्द वगळण्याची ग्वाही दिली. १७ जून रोजी, म्हणजे शाळा उघडत असतानाच, सुधारित निर्णय निघाला. त्यात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला, आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी असण्याची अट आली. विरोध शमला नाही. अखेर २९ जून रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय रद्द झाल्याचे आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर केले. एका अभ्यासक्रमीय निर्णयाचे आयुष्य भरले ७४ दिवसांचे.

या ७४ दिवसांची चर्चा बहुतेक ठिकाणी हिंदी विरुद्ध मराठी, किंवा ठाकरे बंधूंचे मनोमीलन, याच चौकटीत झाली. ती चौकट खोटी नाही. पण तिच्या आड एक साधी गोष्ट झाकली गेली. विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन २६ मार्चला संपले आणि पहिला निर्णय १६ एप्रिलला निघाला. पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू व्हायचे होते आणि निर्णय मागे घेतला गेला तो २९ जूनला. निर्णय निघाला तेव्हा सभागृह बंद, त्याला मुरड घातली गेली तेव्हाही बंद आणि तो रद्द झाला तेव्हाही बंद. लाखो मुलांच्या पहिल्या इयत्तेविषयीचा हा प्रवास लोकप्रतिनिधींच्या समोर एकदाही आला नाही.

शासन निर्णय म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांतील अनेकांनी ते स्वतः लिहिले आहेत. विभागाची टिपणी, मंत्र्यांची मान्यता, उपसचिवांची स्वाक्षरी आणि संकेतस्थळावर प्रसिद्धी. प्रशासनाला ही पद्धत आवश्यकच आहे; प्रत्येक बदली आणि प्रत्येक अनुदान सभागृहात नेता येत नाही. परंतु जे सहज निघते ते सहज मागेही घेता येते. अभ्यासक्रमाला नेमके हेच मानवत नाही. पाठ्यपुस्तक लिहिणे, छापणे, शिक्षकांना प्रशिक्षण देणे, वेळापत्रक बसवणे, या प्रत्येक कामाला महिने लागतात. एप्रिलमध्ये काढलेला आदेश जूनमध्ये वर्गात उतरवायचा म्हटले की, उतरतो तो केवळ आदेश, शिक्षण नव्हे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, मराठी भाषा दिनाच्या सुमारास, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठी भाषेचे अध्यापन व अध्ययन सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचे करणारा कायदा एकमताने संमत केला. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी, मग दरवर्षी एकेक इयत्ता पुढे, अशी त्याची पायरी आखलेली होती. उल्लंघन करणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. तपशिलाबद्दल मतभेद असू शकतील, पण त्या सक्तीमागे सभागृहाचा कौल होता आणि शाळांना तयारीला अवधी होता. दुर्दैव असे की, या कायद्यालाही पुढे शासन निर्णयानेच सैल केले. करोनाकाळाचे कारण देऊन एप्रिल २०२३ मध्ये अन्य मंडळांच्या शाळांतील काही तुकड्यांसाठी मराठीचे गुण न धरता केवळ श्रेणी देण्याची सवलत दिली गेली. कारण रास्त असेल; परंतु दोन्ही सभागृहांनी दिलेले वजन एका परिपत्रकाने हलके होऊ शकते, हा धडा शाळांनी तेव्हाच गिरवला.

मूळ प्रश्न भाषेच्या नावापेक्षा मुलाच्या वयाचा होता. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. हिंदी पाचवीपासून होतीच आणि तिला कधी मोठा विरोध झाला नाही. सहा वर्षांच्या मुलाने मराठी अक्षरओळख होण्यापूर्वीच इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा शिकावी काय, एवढाच वादाचा मुद्दा होता. याचे उत्तर दिल्लीतच, जुन्या कपाटांत, पडून आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्राथमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यात एकच भाषा, पुढच्या टप्प्यात दोन आणि त्यानंतरच तिसरी, असा क्रम सुचवला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. ज्यांच्या लेखणीतून त्या अहवालाचा मोठा भाग उतरला ते हेच.

जुना अहवाल बाजूला ठेवू. ज्या राष्ट्रीय धोरणाचा दाखला दिला गेला त्या २०२० च्या धोरणात, कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तीनपैकी दोन भाषा भारतीय असाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. त्या धोरणावर आधारलेला २०२३ चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तर तिसरी भाषा सहावीपासून, म्हणजे मध्य स्तरावर, आणतो. दिल्लीने सहावीत सांगितलेले मुंबईने पहिलीत आणले आणि जबाबदारी मात्र दिल्लीच्या धोरणावर टाकली. केंद्राचे मन राखण्याच्या घाईत केंद्राचा कागद वाचायचा राहून गेला, असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करणे कठीण आहे.

सुधारित निर्णयातील २० विद्यार्थ्यांची अटही कागदावरच शोभणारी होती. राज्यात संपूर्ण शाळेचाच पट वीसच्या आत असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. गडचिरोलीच्या पाड्यावर किंवा कोकणातील वाडीवर एका वर्गात २० मुले आणायची कोठून? तेथे ‘पर्याय’ या शब्दाचा अर्थ हिंदी असाच होणार होता. मुंबई-पुण्यातील मोठ्या शाळेला निवड आणि वाडीवस्तीवरील शाळेला सक्ती, अशी ही विभागणी सभागृहात मांडली असती तर कोणत्याही ग्रामीण आमदाराने पहिल्या पाच मिनिटांत ती उघडी पाडली असती. विधिमंडळाचा उपयोग असतो तो याचसाठी.

विरोधकांनाही येथे सुटका नाही. ५ जुलै रोजी वरळीत उद्धव आणि राज ठाकरे जवळपास वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले आणि आंदोलनाचे रूपांतर विजयी मेळाव्यात झाले. राजकीयदृष्ट्या तो क्षण मोठा होता. परंतु उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर समितीच्या शिफारशींकडे बोट दाखवून सत्ताधाऱ्यांनी त्यांना कोंडीत पकडले. तो अहवाल मंत्रिमंडळासमोर गेला तेव्हा त्यातील भाषाविषयक भागावर सभागृहात खुली चर्चा झाली असती, तर आज कोणी कोणावर बोट रोखू शकले नसते. बंद दाराआड स्वीकारलेला अहवाल पुढच्या सरकारच्या हातात आयते शस्त्र म्हणून जातो.

हा रोग महाराष्ट्रापुरता नाही. दिल्लीकरांनी तो अधिक जवळून पाहिला आहे. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवली जात होती. केंद्रात सत्तांतर झाल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये, सत्राच्या मध्यावर, ती काढून संस्कृत आणली गेली. सुमारे ७० हजार मुलांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या वर्षापुरती परीक्षेतून सूट देण्याची वेळ सरकारवर आली. बदलीच्या नोकरीत असलेल्या अनेक मराठी घरांना तो हिवाळा आठवत असेल. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये ‘हॅपिनेस’, पुढच्या वर्षी उद्योजकतेचा आणि २०२१ मध्ये ‘देशभक्ती’ असे अभ्यासक्रम आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकार बदलले आणि त्याच वर्षी ‘राष्ट्रनीती’, ‘नीव’ अशी नवी नावे फलकावर आली. यांतील कोणता अभ्यासक्रम चांगला, हा वेगळा विषय. सरकारी शाळेतील मूल मात्र पाच वर्षांच्या मुदतीचे नसते, याचा विसर सर्वांनाच पडला.

या साऱ्याच्या मुळाशी १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती आहे. तिने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेले. तेव्हापासून धोरण दिल्लीत आखले जाते, निधीची दोरीही बऱ्याच अंशी दिल्लीत असते आणि लोकांच्या रोषाला तोंड राज्याला द्यावे लागते. पीएम-श्री योजनेच्या करारावर सही न केल्याने समग्र शिक्षा अभियानाचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये रोखले, अशी तक्रार घेऊन तामिळनाडू सर्वोच्च न्यायालयात गेले. तामिळनाडूने संघर्षाचा रस्ता धरला, महाराष्ट्राने आज्ञाधारकपणाचा. तिसरा रस्ता, म्हणजे धोरणाचा कागद आपल्या विधिमंडळात उलगडून त्यातील आपल्या मुलांना मानवणारे तेवढे घेण्याचा, कोणीच चोखाळला नाही.

येथे दिल्लीतील मराठी माणसाची साक्ष मोलाची आहे. करोलबागेत सोने-चांदी गाळणारा खानापूर-आटपाडीचा गलाई कामगार असो, नोएडातील संगणक अभियंता असो की मंत्रालयातील अवर सचिव, हिंदी त्याला कोणी पहिलीत शिकवली नव्हती. ती रिक्षावाल्याने, भाजीवाल्याने, कचेरीतील सहकाऱ्याने शिकवली. त्याच्या मुलाला तर ती शिकवावीही लागली नाही. शिकवावी लागते ती मराठी. आणि तिच्यासाठी येथे घराशेजारी शाळा नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क सांगतो. परंतु द्वारका ते फरिदाबाद विखुरलेल्या मराठी घरांपर्यंत तो पोहोचलेला नाही. ज्या भाषेला बाजाराचा आधार आहे ती शाळेवाचून जगते. जिला तो नाही तिला शाळा सोडली तर कोणी वाली नाही. महाराष्ट्रातील धोरणकर्त्यांनी हा अनुभव विचारला असता, तर पहिलीतील मोजक्या तासिका कोणत्या भाषेसाठी राखायच्या, याचे उत्तर त्यांना मिळाले असते.

उपाय नवे शोधायचे नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवायचा असतो. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे. परिषदेने मे २०२४ मध्ये आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता. म्हणजे वाट माहीत आहे. प्रथम परिषदेचे मत, मग जनतेच्या हरकती, मग मसुदा दोन्ही सभागृहांच्या पटलावर आणि चर्चेनंतर किमान एक शैक्षणिक वर्षाचा अवधी, एवढा क्रम कायद्याने बांधून घेतला तर कोणत्याही पक्षाच्या सरकारला घाई करता येणार नाही. तज्ज्ञांची समिती आदेश काढण्यापूर्वी नेमायची असते, आदेश अंगलट आल्यावर नव्हे.

भाषेचा प्रश्न पुन्हा येईल, कारण धोरण कायम आहे आणि निवडणुकाही. तो पुन्हा येईल तेव्हा दादरच्या रस्त्यावर किंवा वरळीच्या सभेत येण्याआधी त्याने विधान भवनाची पायरी चढलेली असावी. पहिलीतल्या मुलाला मत नसते. त्याच्या वतीने बोलण्यासाठी ज्यांना निवडून दिले आहे, त्यांना निदान विचारले तरी जावे.