लाक्सा मागवण्याआधी गाव विचारा

मलेशियातल्या पिनांगला, जॉर्ज टाउनमधल्या एका छोट्या टपरीवर लाक्सा (रश्श्यातल्या शेवया) मागवला आणि पहिल्याच घासाला वाटलं, हा तर आपला बांगडा!

खरंच बांगडाच. पिनांगच्या आसाम लाक्साचा रस्सा उकडून कुस्करलेल्या बांगड्याचा असतो. नारळाचं दूध अजिबात नाही. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम गलुगोरच्या वाळवलेल्या चकत्यांचा. हे फळ आपल्या कोकमाचं भावंड, दोन्ही गार्सिनिया.

टपरीवरच्या मावशी तांदळाच्या जाड शेवयांवर उकळता रस्सा ओतायच्या, परत पातेल्यात निथळायच्या, पुन्हा ओतायच्या. त्यानं शेवया आतपर्यंत तापतात. मग वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि बाजूला चमचाभर कोळंबीची काळी, गोडसर दाट पेस्ट. ती ढवळली की रश्श्याचा रंगच बदलतो.

क्वालालंपूरला मिळतो तो बहुधा करी लाक्सा, नारळाच्या दुधातला. सारावाकमध्ये कोळंबीचा रस्सा, बारीक शेवया, ऑम्लेटच्या पट्ट्या. जोहोरमध्ये तर चक्क स्पॅगेटी!

कोकण-गोव्याकडच्यांनी सुरुवात पिनांगपासूनच करावी, असं माझं ठाम मत. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्या; मासे किंवा कोळंबी जवळपास सगळ्यांत असते.

तिकडे जाणार असाल आणि काही विचारायचं असेल, तर जरूर विचारा.