कावळ्यांच्या वाटेवरचे हिवाळे

कावळ्याचा माग काढायचा तर थंडीतच. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर गावकावळा घरट्यात गुंतलेला असतो. अंडी, पिल्लं, शिवाय कोकिळेनं गळ्यात मारलेलं पोर. मार्गशीर्ष-पौषात ही पिल्लं मोठी झालेली असतात, झाडाला बांधून ठेवणारं काही उरलेलं नसतं आणि सगळी जमात संध्याकाळी एकत्र रातथाऱ्याला जाते. पुण्यात डिसेंबरात साडेपाचनंतर गच्चीवर उभं राहिलं की दोन-दोन, चार-चार कावळे एकाच दिशेनं, गडबड न करता जाताना दिसतात. ती त्यांची वाट. तिच्या टोकाला कुठलं झाड आहे ते शोधणं हा माझा आणि माझ्या जोडीदाराचा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनचा हिवाळी उद्योग. आम्ही त्याला शिकारच म्हणत आलो. बंदूक नाही, सापळा नाही. एक दुर्बीण, एक स्कूटर आणि एक वही.

जोडीदार मूळचा जुन्नरकडचा. त्याच्या आजोबांच्या शेतात भुईमूग पेरला की उकरून खाणाऱ्या कावळ्यांना धाक म्हणून मेलेला कावळा काठीला टांगत. रब्बीच्या ज्वारीत हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरवायचं काम लहानपणी त्यानंही केलंय. ‘चिमण्या, भोरड्या दगड सुटला की उडतात. कावळा गोफणीला हात गेला की उठतो,’ हे त्यानं पहिल्याच हिवाळ्यात मला सांगितलं. पुढे अमेरिकेतल्या जॉन मार्झलफ यांच्या कामाबद्दल वाचलं. सिअ‍ॅटलमध्ये त्यांच्या चमूनं ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले; नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर ओरडत राहिले. जोडीदाराला त्यात नवल वाटलं नाही. कावळे माणूस ओळखतात म्हणून त्याच्या आजोबांनी त्यांच्यावर नजर ठेवायला गडी बदलून पाहिले होते.

पाठलागाची रीत ठरलेली होती. मी स्कूटर चालवायची, त्यानं मागे बसून मान वर ठेवायची. ‘डावीकडे वळले, सोडू नकोस. अरे, नदीवर गेले!’ नदी आली की आमची पंचाईत. कावळा सरळ ओलांडून जाई. आम्हाला लकडी पुलावर दुचाकीला मज्जाव, म्हणून दुसरा पूल गाठावा लागे. तोवर वाट हरवलेली. मग दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशी जिथे वाट तुटली तिथपासून सुरुवात. अशा तुकड्यातुकड्यांनी एक अख्खी वाट जोडायला कधी कधी निम्मा हिवाळा जाई.

बंडगार्डनच्या बाजूला नदीकाठच्या जुन्या झाडांवरचा थारा सापडला, ती संध्याकाळ अजून लख्ख आठवते. कावळे थेट झाडावर उतरत नाहीत. आधी आसपासच्या इमारतींच्या कठड्यांवर, विजेच्या तारांवर, नदीतल्या कोरड्या दगडांवर टेकतात आणि चारी दिशांनी आलेले घोळके तिथे एकमेकांत मिसळतात. मग कुणीतरी उठतो आणि सगळे झाडाकडे जातात. जागेवरून भांडणं होतात. बसल्यावरही दोन-तीनदा सगळं झाड एकदम उठतं, आकाशात फिरतं, परत बसतं. अंधार पडेपर्यंत कान किटतात. शेजारच्या झाडांवर पोपट आणि साळुंक्यांचाही कलकलाट चालू असतो, पण कावळ्यांपुढे तो ऐकू येत नाही.

पहाटेची पाळी जास्त कठीण. पुण्याची थंडी बोचरी. १७ जानेवारी १९३५ ला या शहराचं तापमान १.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. आमच्या वाट्याला तितकी थंडी कधी आली नाही, तरी नदीवरच्या धुक्यात कानटोपी-मफलर घालूनही पेन धरणारी बोटं वळत नसत. कावळे सूर्योदयाच्या बरेच आधी निघतात. संध्याकाळचा गोंधळ तेव्हा नसतो. लहान लहान गट आपापली दिशा धरून जातात. जोडीदार दिशा सांगे, मी लिहून घेई. मग अमृततुल्यात चहा घेता घेता वहीवरून वाद.

त्या वादांतूनच शहराचा एक वेगळा नकाशा तयार झाला. कावळ्याच्या सकाळच्या वाटा अन्नाकडे जातात आणि शहरात अन्न म्हणजे कचरा. कोथरूडचा कचरा डेपो होता तेव्हा तिथलं आकाश घारी-कावळ्यांनी भरलेलं असे. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला, तसे पक्षीही पूर्वेकडे वळले. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, तो रास्तच होता. पुढे ‘स्वच्छ’ संस्थेच्या कष्टकरी बायका घरोघरी कचरा गोळा करू लागल्या, चौकाचौकांतल्या ओसंडणाऱ्या कुंड्या हळूहळू कमी झाल्या. आमच्या वहीत त्या त्या चौकातून जाणाऱ्या वाटा विरळ झाल्या. दहाव्याला वैकुंठ स्मशानभूमीत पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून ताटकळलेले लोक ‘कावळे संपले’ म्हणतात. मला वाटतं, ते जागा बदलतात.

कायद्यानं कावळ्याला कसं वागवलं याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो उंदीर, घुशी आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवला गेला. म्हणजे कुणीही मारावा. त्याच वर्षी अमेरिकेत मेक्सिकोबरोबरच्या करारात कावळ्यांचा समावेश झाला आणि तिथल्या मोकाट शिकारीला हंगामाची चौकट आली. वर्षात जास्तीत जास्त १२४ दिवस. तिकडे आजही ऐन थंडीत, नकली कावळे आणि नकली घुबड मांडून, कावळ्याचा आवाज काढणारी शिट्टी वाजवून ही शिकार करतात. घुबडाची युक्ती आम्हाला लगेच पटली. भल्या सकाळी कावळ्यांचा गलका एकाच झाडाभोवती चालला असेल तर आत हमखास गव्हाणी घुबड अंग चोरून बसलेलं असतं, हे आम्ही पुण्यात कितीदा पाहिलंय. आपल्याकडे पाचवी अनुसूची निघून गेली ती थेट २०२२ च्या दुरुस्तीनं, १ एप्रिल २०२३ पासून. त्या दिवशी जोडीदारानं फोन करून नुसतं ‘सुटला’ एवढंच म्हटलं.

आपलाच गावकावळा परदेशात मात्र खलनायक ठरलाय, आणि त्यात तिथल्या लोकांची चूक नाही. झांजिबारला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेला गेला आणि पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. २०२४ मध्ये केनियानं दहा लाख कावळे मारण्याची मोहीम जाहीर केली. नेदरलँड्समध्ये बंदराशी पोचलेली छोटीशी वसाहत गोळ्या घालून संपवली गेली. तिथल्या स्थानिक पक्ष्यांची घरटी वाचवायला हे कदाचित करावंच लागेल. पण उघडा कचरा तसाच ठेवून नुसते कावळे मारणं मला पटत नाही.

काही हिवाळे वाईट गेले. २०२१ च्या जानेवारीत झालावाड आणि इंदूरमधल्या मेलेल्या कावळ्यांच्या बातम्या पाठोपाठ आल्या, परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. बर्ड फ्लूच्या त्या दिवसांत आम्ही तोंडाला रुमाल बांधून दुरूनच थाऱ्याखालची जमीन न्याहाळायचो. संक्रांतीच्या आसपास मांजाचं संकट दर वर्षीचं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत झाडाला लटकलेला कावळा दिसतोच. एकदा अग्निशमन दलाच्या जवानानं शिडी लावून असा एक उतरवला, तेव्हा वरच्या फांद्यांवर जमलेल्या कावळ्यांनी त्याच्या डोक्यावर झेपा घेतल्या. जोडीदार हात जोडून त्या जवानाला म्हणाला, ‘दादा, आता महिनाभर या रस्त्यानं येऊ नका.’

सगळ्यात जास्त वाट बदलली ती नदीकाठची. नदीकाठ सुधार प्रकल्पाचं काम संगमवाडी ते बंडगार्डन या टप्प्यात सुरू झालं. झाडं तोडण्याविरुद्ध २९ एप्रिल २०२३ ला पुणेकर ‘चलो चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरले. आम्ही दोघंही त्यात चाललो. काठावर आता दगड-मातीचे बांध आहेत. झाड गेलं की कावळा दुसरं शोधतो हे मला माहीत आहे, पण इतका मोठा समुदाय सामावेल अशी जुनी झाडं या शहरात किती उरली आहेत?

जोडीदाराच्या गुडघ्यांनी आता स्कूटरवर मागे बसायला नकार दिलाय. तो हडपसरला मुलाकडे असतो. रोज संध्याकाळी सातव्या मजल्याच्या गॅलरीत बसून पूर्वेचे घोळके टिपतो. मी एरंडवण्यातल्या गच्चीवरून पश्चिमेचे. अंधार पडला की फोनवर दोन्ही वह्या जुळवतो. या पौषात त्याच्या बाजूचे घोळके नेहमीपेक्षा उत्तरेला सरकलेत. त्याचा अंदाज लष्करी हद्दीतल्या जुन्या पर्जन्यवृक्षांचा आहे, माझा येरवड्याकडचा. रविवारी रिक्षा करून दोघं जाऊन बघणार आहोत.