काही, पुष्कळ आणि सगळे : इंग्रजी वाक्यातील एक वळण

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून इंग्रजीत एक वाक्य लिहिले गेले. मसुदा सहीसाठी वरिष्ठांकडे गेला आणि तासाभरातच मला बोलावणे आले. प्रकरण तसे साधे होते. कार्यालयात ४० तात्पुरते कारकून होते. त्यांपैकी १६ जण खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि त्यांना कायम करावयाचे होते. मी लिहिले होते : ‘द टेम्पररी क्लार्क्स, सम ऑफ हूम हॅव पास्ड द एक्झॅमिनेशन, आर हिअरबाय कन्फर्म्ड.’

साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, ‘‘किती जणांना कायम करावयाचे आहे?’’

‘‘सोळा जणांना, सर.’’

‘‘तुमचे वाक्य तर चाळीसही जणांना कायम करीत आहे!’’

मी मसुदा पुन्हा वाचला. व्याकरणाची चूक कोठेच नव्हती. दोष इतकाच की, मला जे म्हणावयाचे होते ते सोडून वाक्य भलतेच काही म्हणत होते. असे का झाले याचा विचार मी पुढे पुष्कळ दिवस केला, आणि तो आपल्यापुढे मांडावा असे वाटते. कारण ही चूक एकट्या माझी नाही, तिचे मूळ आपल्या मराठीच्या स्वभावात आहे.

मराठीतील संबंधी सर्वनाम म्हणजे ‘जो, जी, जे’. त्याच्या जोडीला बहुधा ‘तो, ती, ते’ येतेच. ‘जे कारकून उत्तीर्ण झाले, त्यांना कायम केले’ असे आपण म्हणतो. यातील ‘जे’ निवड करते; ते घोळक्यातून काही माणसे बाजूला काढते आणि ‘त्यांना’ हा शब्द आदेश तेवढ्यांनाच लावतो. लहानपणापासून कानाला हीच जोडी परिचयाची असल्यामुळे संबंधी सर्वनाम दिसले की निवड झाली, असे आपले मन गृहीत धरते.

इंग्रजीत मात्र ‘हू’ आणि ‘विच’ यांना दोन निरनिराळी कामे करावी लागतात. एक काम निवडीचे. ‘द क्लार्क्स हू हॅव पास्ड आर कन्फर्म्ड’ या वाक्यात जे उत्तीर्ण, तेवढेच कायम. दुसरे काम जाता जाता अधिक माहिती देण्याचे. ‘द क्लार्क्स, हू हॅव पास्ड, आर कन्फर्म्ड’ असे दोन स्वल्पविराम घालून लिहिले की अर्थ पालटतो. आता सगळेच कारकून कायम होतात, आणि ते सगळे उत्तीर्ण आहेत ही माहिती ओघाने कळते. स्वल्पविराम कानाला ऐकू येत नाही हे खरे. पण बोलताना त्या जागी आवाज किंचित थांबतो, आणि जाणता श्रोता तेवढ्यावरून अर्थ ओळखतो.

आता या सर्वनामामागे परिमाण दाखविणारा शब्द ठेवून पाहा. सम ऑफ हूम, मेनी ऑफ विच, मोस्ट ऑफ विच, ऑल ऑफ हूम, बोथ ऑफ विच, नन ऑफ हूम. किंवा नुसती संख्या, टू ऑफ हूम. अशा उपवाक्याच्या वाट्याला निवडीचे काम जवळजवळ कधीच येत नाही. ते समूहाच्या एका अंशाविषयी बातमी देते. मुख्य क्रियापद मात्र सबंध समूहालाच लागू राहते. माझ्या वाक्यात ‘पास्ड’ ही बातमी काहींची होती, पण ‘कन्फर्म्ड’ हा आदेश सगळ्यांचा होता. मला निवड करावयाची होती आणि मी निव्वळ बातमी दिली होती! साहेबांनी मसुदा दुरुस्त केला तो असा : ‘द सिक्स्टीन क्लार्क्स हू हॅव पास्ड द एक्झॅमिनेशन आर हिअरबाय कन्फर्म्ड.’

मग ही रचना वापरावी कोठे? समूहाविषयी एक विधान करावयाचे आहे आणि त्याच श्वासात त्यातील काहींविषयी दुसरे सांगावयाचे आहे, अशा ठिकाणी. ‘मला तीन भाऊ आहेत, त्यांपैकी दोघे सैन्यात आहेत’ हे मराठीत किती सहज वाटते! तेच आपण इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून लिहितो : ‘आय हॅव थ्री ब्रदर्स, टू ऑफ देम आर इन द आर्मी.’ इंग्रजीच्या शिष्ट लेखनात हे चालत नाही, कारण दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे तेथे दोष मानतात. एक तर मध्ये ‘अँड’ घालावा, अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा. नाही तर ‘देम’च्या जागी ‘हूम’ आणावे. ‘टू ऑफ हूम आर इन द आर्मी’ म्हटले की सांधा जुळतो. सर्वनाम बदलताच दुसरे वाक्य पहिल्याचे उपवाक्य होते आणि स्वल्पविरामाला आपले योग्य काम मिळते.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, माणसांसाठी ‘हूम’ आणि वस्तूंसाठी ‘विच’. ‘ऑफ’च्या पुढे शिष्ट लेखनात ‘हू’ येत नाही, आणि ‘दॅट’ तर कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाच्या वचनाची. ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ऑल’ यांना स्वतःचे वचन नाही. ते मागच्या नामाकडून उसने घेतात. गुदामात तांदूळ भिजला तर ‘द राइस, मोस्ट ऑफ विच वॉज वेट’. पोती मोजून सांगावयाची तर ‘द बॅग्ज, मोस्ट ऑफ विच वेअर वेट’. ‘ईच ऑफ हूम’ मात्र एकवचनीच, मागे शंभर माणसे का असेनात.

तिसरी गोष्ट नकाराची, आणि येथे आपला मराठीपणा पुन्हा आडवा येतो. ‘त्यांपैकी कोणीही उत्तर दिले नाही’ या मराठी वाक्यात नकार क्रियापदात आहे. इंग्रजीत तो ‘नन’ या शब्दातच सामावलेला असतो. म्हणून ‘टेन पर्सन्स, नन ऑफ हूम रिप्लाइड’ एवढेच पुरे. सवयीने पुढे ‘डिड नॉट रिप्लाय’ लिहिले, तर दहाही जणांनी उत्तर दिले असा उलटा अर्थ निघतो. समूहात दोघेच असतील तर ‘नन’ऐवजी ‘नायदर’ योजावे.

उलट दिशेनेही एक उपद्रव चालू आहे. इंग्रजीवरून मराठी करताना आपण लिहितो, ‘सभेस दहा सभासद उपस्थित होते, ज्यांपैकी चार स्त्रिया होत्या.’ हे ‘ज्यांपैकी’ इंग्रजी वाक्याचा सांगाडा मराठीत उभा करते. आपली आजी असे कधी बोलली नसती. ती म्हणाली असती, ‘दहाजण आले होते, त्यांत चौघी बायका.’ इंग्रजीत जेथे उपवाक्य लागते, तेथे मराठीला नवे वाक्य पुरते. दोन्ही भाषांचा मान राखावयाचा तर हा फरक जपला पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वळणासाठी इतका खल कशाला? परंतु १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, संसद अन्य तरतूद करीपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालावयाचे आहे. सरकारी आदेश, भाडेपट्टे, विम्याचे करार अशा कितीतरी कागदांतील इंग्रजी वाक्यांवर आपले हक्क अवलंबून असतात. असा कागद समोर आला की सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : बातमी कोणाची आहे? आणि मुख्य क्रियापद कोणाचे आहे?

माझा तो मसुदा तसाच बाहेर पडला असता तर त्या दिवशी २४ घरांत उगाचच पेढे वाटले गेले असते, आणि चार दिवसांनी दुसरा आदेश काढून तो आनंद परत घ्यावा लागला असता. साहेबांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी लाल पेन्सिलीने ‘सम ऑफ हूम’ खाली एक रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे सरकविला. त्या कारकुनांपैकी कोणालाही हे कधी कळले नाही.