गोल्डफिशची नाहक बदनामी

माणसाचं लक्ष जेमतेम आठ सेकंद टिकतं आणि गोल्डफिशचं नऊ, असं पालकसभांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. खापर अर्थातच मुलांच्या मोबाइलवर. हा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या अहवालात आला आणि ‘टाइम’ने तो जगभर पोचवला. दोन वर्षांनी बीबीसीने त्याचा माग काढला, तेव्हा मुळाशी संशोधन असं काही सापडलंच नाही.

गोल्डफिशवर तर हा शुद्ध अन्याय. १९६०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रॅनॉफ या माशांची शिकवणी घेत. दिवा लागला की अडथळा ओलांडून टाकीच्या पलीकडच्या बाजूला जायचं, नाहीतर विजेचा सौम्य झटका. तीन दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तरी माशांना धडा आठवत असे. मात्र शिकवणी संपताच प्रथिननिर्मिती रोखणारं प्युरोमायसिन टोचलं की पाटी कोरी. तेच तासाभराने टोचलं, तर काहीही बिघडत नसे! आठवण पक्की व्हायला मेंदूत नवी प्रथिनं घडावी लागतात, याचे सुरुवातीचे पुरावे देणाऱ्यांत हे मासे होते. विसराळूपणासाठी नेमका हाच प्राणी निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.

माणसांची खरी मोजमापं वेगळीच आहेत. कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी २००४ मध्ये स्टॉपवॉच घेऊन नोकरदारांना न्याहाळलं. एका स्क्रीनवर ते सरासरी अडीच मिनिटं थांबत. अलीकडे हा काळ ४७ सेकंदांवर आला आहे. पण ही मंडळी प्रौढ आहेत, आणि मोजला गेला तो स्क्रीन बदलण्याचा वेग. लक्ष देण्याची कुवत नव्हे. शिवाय बरेचसे व्यत्यय कुणी आणलेले नसतात, माणूस स्वतःच मध्येच उठून दुसरीकडे जातो.

मुलांबद्दलचा दखल घेण्याजोगा अभ्यास लॉस एंजेलिस परिसरातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. सुरुवातीला एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराची) लक्षणं नसलेल्या १५-१६ वर्षांच्या २,५८७ विद्यार्थ्यांकडे संशोधकांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. डिजिटल माध्यमांच्या १४ प्रकारांपैकी एकाचाही अतिवापर न करणाऱ्यांत लक्षणं दिसण्याचं प्रमाण ४.६ टक्के होतं, सात प्रकारांचा अतिवापर करणाऱ्यांत ९.५ टक्के. फरक दुपटीचा, म्हणून काळजीचा खराच. मात्र लक्षणं मुलांनी स्वतःच सांगितलेली होती, आणि ती फोनमुळेच आली असं संशोधकही म्हणत नाहीत. चौदाच्या चौदा प्रकारांत बुडालेल्या मुलांतही हे प्रमाण १०.५ टक्क्यांवरच थांबलं. उरलेल्या जवळपास नव्वद टक्क्यांना ही लक्षणं का शिवली नाहीत, हा प्रश्न मथळ्यांमध्ये क्वचितच दिसतो.