उडत्या विमानाचा डोळा

रेडिओ-नियंत्रित छोटे विमान जमिनीवरून उडवताना एक अडचण नेहमी येते. विमान दूर गेले, की ते ठिपक्याएवढे दिसू लागते. ते जवळ येत आहे की लांब जात आहे, हेही कळेनासे होते. विमानावर कॅमेरा बसवून त्याचे दृश्य बिनतारी पद्धतीने जमिनीवर आणले, तर विमानात बसल्याप्रमाणे समोरचे पाहता येते.

या यंत्रणेचे चार प्रमुख भाग असतात. विमानाच्या नाकाशी कॅमेरा असतो. त्याचे चित्र रेडिओलहरींवर चढवून पाठवणारा ट्रान्समीटर विमानातच असतो. जमिनीवर रिसीव्हर त्या लहरी पकडतो आणि पडद्यावर किंवा डोळ्यांवरील खास चष्म्यात चित्र उमटते.

येथे वारंवारतेची निवड महत्त्वाची ठरते. विमानाचे नियंत्रण बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालते. चित्रही त्याच पट्ट्यात पाठवले, तर शेजारच्या ट्रान्समीटरच्या गोंगाटात दूरवरून येणारी क्षीण आज्ञा बुडून जाते आणि विमान हाताबाहेर जाते. म्हणून चित्रासाठी सहसा ५.८ गिगाहर्ट्झ निवडतात आणि ट्रान्समीटर नियंत्रणाच्या रिसीव्हरपासून शक्य तितका दूर बसवतात. या लहरींची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर असते. झाडे, भिंती आणि टेकड्या त्यांना अडवतात. म्हणून मोकळे मैदानच योग्य.

अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. त्यामुळे केवळ ट्रान्समीटरची शक्ती वाढवण्यापेक्षा अँटेना नीट बसवणे अधिक लाभदायक असते. दोन्हीकडील सरळ अँटेना उभ्या ठेवाव्यात. अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर कधीही सुरू करू नये. बाहेर न पडणारी ऊर्जा परत फिरून त्यालाच जाळू शकते.

चित्र पोहोचण्यास लागणारा विलंबही विचारात घ्यावा. सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारे विमान ०.१ सेकंदात दीड मीटर पुढे गेलेले असते. फांदी दिसेपर्यंत तिला धडक बसलेली असू शकते!

उड्डाणापूर्वी चित्र सुरू ठेवूनच नियंत्रणाचा पल्ला जमिनीवर तपासावा. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल, अशी सोय करावी. डोळ्यांवर चष्मा असताना आजूबाजूचे आकाश दिसत नाही. म्हणून विमानावर नजर ठेवणारा एक सोबती जवळ असावाच. भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार छंदासाठीचे असे विमान नजरेच्या टप्प्यात उडवायचे असते. ती जागा उड्डाणासाठी खुली आहे का, हेही आधी पाहावे.

कॅमेरा विमानाला डोळा देतो, परंतु खाली वावरणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी उडवणाऱ्याचीच राहते.