केसारी की सिझेरियन?



माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळची गोष्ट. इस्पितळात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "नितुआख केसारी करावे लागेल." माझी आई नुकतीच मुंबईहून आली होती, तिला हिब्रू येत नव्हते. "अरे, केसरी? टिळकांचे वर्तमानपत्र इथे कशाला?" मी म्हणालो, "आई, सिझेरियन." मग मात्र तिचा चेहरा उतरला आणि ती तेहिलीम म्हणू लागली.

शब्द एकच, मग आपण 'सि' म्हणतो आणि इथे 'के' का?

मूळ शब्द लॅटिन. आपण ज्याला ज्युलियस सीझर म्हणतो, त्याचे नाव त्या काळचे रोमन लोक 'कैसर' असे उच्चारीत. जर्मन टोळ्यांनी ते फार जुन्या काळी उचलले आणि बादशहा या अर्थाने जपले. जर्मनमध्ये 'कायझर', डचमध्ये 'केइझर', डॅनिशमध्ये 'कायसर'. हिब्रूतला 'केसार' ग्रीकमधून आला, त्यातही 'क' टिकला. हेरोद राजाने ऑगस्टस सीझरच्या नावाने वसवलेले शहर आजही केसारियाच आहे. आजोबांच्या वेळचा 'कैसर-ए-हिंद' फारसी वाटेने आला, म्हणून तोही 'क'चा. पुढे लॅटिनच्या लेकीबाळींत हा 'क' बदलला, फ्रेंचमध्ये त्याचा 'स' झाला. इंग्रजीने तो 'स' घेतला आणि इंग्रजीकडून आपण.

या शस्त्रक्रियेला जर्मन लोक 'कायझरश्निट' म्हणतात, डच 'केइझरस्नेदे'. अर्थ एकच, बादशहाचा छेद. पण ज्युलियस सीझर स्वतः असा जन्मलेला नसावा. त्या काळी बाळ वाचवण्यासाठी मेलेल्या आईचे पोट चिरीत, आणि त्याची आई ऑरेलिया तर तो चाळिशी ओलांडेपर्यंत जिवंत होती. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की त्या घराण्यातला पहिला सीझर असा जन्मला, आणि 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव पडले. लोकांनी ती गोष्ट पुढे ज्युलियसला चिकटवली.

आपल्या मिश्नात अशा बाळाला 'योत्से दोफेन' म्हटले आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले. भिंत म्हणजे आईच्या पोटाची. आज आपली नातवंडे तोच शब्द 'जगावेगळा' या अर्थाने दिवसातून दहा वेळा म्हणतात.

त्या दिवशी देवाच्या कृपेने मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या. नाव आम्ही दुसरे ठेवले, पण आई शेवटपर्यंत नातीला 'केसरी' म्हणूनच हाक मारायची.